वणवा आणि आमची खुर्ची

आमचे सासरे माणसाकडे नंतर बघतात, आधी तो कसा बसलाय ते बघतात. माझ्या नवऱ्याने मला पहिल्यांदा घरी नेलं, तेव्हा मी काय शिकले, कुठे काम करते, घरी कोण कोण असतं, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. माझा चहा संपेपर्यंत ते माझ्या खुर्चीच्या पायांकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, म्हातारा जरा सटकलेला दिसतोय. मी गेल्यावर त्यांनी म्हणे निकाल दिला, "मुलगी मागे टेकून बसते. टोकावर बसत नाही, झुलत नाही. टिकेल." एवढ्यावर माझं लग्न ठरलं.

टिकले मी. आता त्यांच्या धंद्याचे फोनही मीच घेते.

धंदा खुर्च्या भाड्याने देण्याचा. लग्न असो, सभा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की शोकसभा, लोकांना बुड टेकायला काहीतरी लागतंच. घरामागच्या गोदामात छतापर्यंत खुर्च्यांच्या थप्प्या आहेत आणि त्यांच्यामधल्या बोळांतून बाबा हातात पान्हा घेऊन दिवसभर हिंडत असतात. सगळे त्यांना खुर्चीवाले म्हणतात. मला खुर्चीवाल्यांची सून म्हणतात. माझा नवरा विमा कंपनीत चांगला साहेब आहे, टाय लावून जातो, पण तोही बिचारा अजून खुर्चीवाल्यांचा मुलगाच.

बाबा प्रत्येक कार्यक्रमाला जातीने हजर असतात, पण आजवर त्यांनी एकही कार्यक्रम पाहिलेला नाही. ते स्टेजच्या कडेला, स्टेजकडे पाठ करून उभे राहतात आणि लोकांकडे, म्हणजे लोकांच्या खालच्या खुर्च्यांकडे बघतात. एवढी नाटकं झाली, पण नायिका गोरी की सावळी ते त्यांना सांगता यायचं नाही. कार्यक्रम कसा झाला ते मात्र ते खुर्च्यांच्या कुरकुरीवरून बिनचूक सांगतात. एकदा एका पुढाऱ्याच्या सभेहून आले आणि जेवता जेवता म्हणाले, "भाषण पहिल्या पाण्याच्या घोटालाच संपलं. नंतर खुर्च्याच बोलत होत्या." दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, श्रोते मंत्रमुग्ध. बाबांनी तो पेपर चौघडी करून आमच्या डुगडुगणाऱ्या कपाटाखाली सरकवला.

घरात त्यांचा नियम एकच, चारही पाय जमिनीवर. माझा नवरा लहानपणी अभ्यास करताना खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवायचा, तेव्हा त्याला मार्कांवरून कधी बोलणी बसली नाहीत, झुलण्यावरून मात्र रोज बसली. अजूनही जेवणाच्या टेबलाशी कुणी जरा मागे रेललं की आतल्या खोलीतून आवाज येतो, "चारही पाय!" पाहुणेसुद्धा दचकून सरळ होतात.

दुसराही एक नियम होता, पण तो कुणी बोलून दाखवत नसे. या घरात वणव्याचं गाणं लागत नाही.

वणवा म्हणजे तोच, रॉक गाणारा. खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल. बाबा विशीत होते तेव्हा गावातली सगळी पोरं त्याच्यापायी वेडी झाली होती. केस खांद्यापर्यंत, गळ्यात गिटार, आणि आवाज असा, की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. तो तेव्हा इथे आला होता. मोठ्या मैदानावर कार्यक्रम होता, आणि खुर्च्या होत्या बाबांच्या वडिलांच्या. लाकडी, घडीच्या, एकेक त्यांनी हाताने तासलेली. माझे आजेसासरे मुळातले सुतार. भाड्याचा धंदा त्यांनी तेव्हा नुकताच सुरू केला होता.

शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ओळीला वणव्याच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. त्याने स्टेजच्या कोपऱ्यातली एक खुर्ची उचलली आणि आपटून तिचे तुकडे केले. लोकांना तो हुकूमच वाटला. पुढचा अर्धा तास त्या मैदानावर जे चाललं ते चाललं. सकाळी आजेसासरे हातगाडी घेऊन गेले आणि सरपण भरून घरी आले.

नुकसान भरून निघालं हो. पण खरं दुखणं वेगळंच होतं. लोकांनी वणव्याला बोल लावलाच नाही, खुर्चीला लावला. "एका फटक्यात मोडली!" ज्याने त्याने हेच सांगितलं, जे आले नव्हते त्यांनीही सांगितलं. आजेसासरे रस्त्याने निघाले की मागून पोरं ओरडायची, "काका, खुर्ची देता की बिस्किट?" लग्नघरची माणसं खुर्च्या न्यायला आली की आधी तळहाताने दाबून बघायची. एवढ्या चांगल्या सुताराची मान त्यानंतर कधी पहिल्यासारखी वर आली नाही. ते कुणाशी भांडले नाहीत. एकच वाक्य म्हणायचे, कधी जेवताना, कधी रंधा मारता मारता मध्येच थांबून, "लाकूड चांगलं होतं रे." शेवटच्या आजारपणातही म्हणाले. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण हे वाक्य मला पाठ आहे, कारण बाबांनी ते निदान शंभरदा तरी सांगितलंय.

वणव्यासाठी मात्र ती खुर्ची म्हणजे आख्यायिका झाली. त्या कार्यक्रमानंतर तो काही महिने कुठे दिसलाच नाही. त्याचे भक्त म्हणायचे, तो विरहात होता. कुणी म्हणे डोंगरात जाऊन मौन धरून बसला होता. परत आला तो नवीन गाणी घेऊन, आणि मग त्याने मागे वळून पाहिलंच नाही.

बाबांनी इकडे काय केलं? त्यांनी लाकडी खुर्च्या बंद केल्या आणि न मोडणारी खुर्ची बनवायला घेतली. त्यात कित्येक वर्षं गेली. लोखंडी सांगाडा, वर जाड लाकडी बैठक, आणि पाय असे वाकवलेले, की दणका बसला तर तो जमिनीत जावा, खुर्चीत राहू नये. प्रत्येक नमुन्याची परीक्षा माझ्या सासूबाईंचे भाऊ, म्हणजे आमचे मामा घ्यायचे. मामांचं वजन हा त्या घरातला नाजूक विषय, पण बाबांच्या दृष्टीने ती देणगी होती. मामा आले की त्यांना आधी जेवायला वाढायचं आणि मग नव्या नमुन्यावर बसवायचं. मामा तीन नमुने घेऊन खाली आले, चौथ्यावर त्यांना झोप लागली. मग बाबांनी ती खुर्ची गोदामाच्या छतावरून खाली टाकली. खालच्या फरशीला तडा गेला, खुर्चीला नाही.

या खुर्चीचं मर्म एकच. बैठकीच्या पोटाला बोटाएवढी एक लोखंडी पिन असते. दुरुस्तीसाठी खुर्ची सोडवायची झाली की उलटी करून ती पिन ओढायची. मग पाठ, बैठक, पाय, सगळं मोकळं होतं. पिन जागेवर असेपर्यंत मात्र तिला हत्तीही काही करू शकत नाही. हे घरात आम्हालाच ठाऊक.

आणखी एक गंमत सांगायची राहिली. गोदामात स्क्रू आवळताना बाबा गुणगुणतात. नवीन होते तेव्हा मी एकदा भोळेपणाने म्हणाले, "बाबा, हे तर वणव्याचं गाणं!" त्यांनी पान्हा खाली ठेवला. "गाणं नाहीये ते," म्हणाले, "स्क्रूची चाल आहे. फिरवायला बरी पडते." पण स्क्रूला एवढी कडवी नसतात, हे मलाही कळतं.

तर अशा घरात एक दिवस मी फोन उचलला आणि पलीकडून एक तरुण आयोजक म्हणाला, "मॅडम, वणवा सरांचा निरोपाचा दौरा आहे. शेवटचा. मैदानभर खुर्च्या लागतील."

"रॉकच्या कार्यक्रमाला खुर्च्या?" मी विचारलं. "लोक उभे राहतात ना?"

"पूर्वी राहायचे," तो जरा अवघडून म्हणाला. "आता आमचा प्रेक्षकवर्ग ज्येष्ठ आहे. कार्यक्रमही दुपारी ठेवलाय. सगळ्यांना संध्याकाळच्या गोळ्यांच्या वेळेला घरी पोचायचं असतं."

मी कळवते म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री जेवायला सगळे बसल्यावर मी एकदाचं सांगून टाकलं. माझ्या नवऱ्याने घास तसाच धरून ठेवला. सासूबाई बाबांकडे बघत राहिल्या. बाबांनी शांतपणे ताट संपवलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "दे."

"काय?"

"खुर्च्या दे त्यांना. आणि सांग, स्टेजवर एक आमच्यातर्फे. भाडं नको."

"अहो, स्टेजवर कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"तो उचलेल. लोक उचलायला लावतील त्याला. चाळीस वर्षं त्याच खुर्चीची गोष्ट सांगतायत ना सगळे? उचलू दे. आपटू दे. लोकांसमोर आपटू दे." त्यांनी रिकामं ताट पुढे सरकवलं. "माझ्या बापाची मान त्याने खाली घातली. आता त्याची खाली जाऊ दे. आणि कान देऊन ऐका, माझी एक जरी खुर्ची मोडली, तर दुसऱ्या दिवसापासून गोदामाला कुलूप."

बाबा बोलले की ते तसंच करतात, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. माझा नवरा म्हणाला, "बाबा, तो सत्तरीच्या पुढे आहे आता." बाबा म्हणाले, "माझी खुर्ची त्याचं वय विचारत नाही. आणि तू सरळ बस."

पुढचा आठवडाभर बाबांनी एकाच खुर्चीला पॉलिश केलं. एकेक स्क्रू आवळला, पिन ठोकून पाहिली, पाय पालथे करून तपासले. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं असतंत तर बरं झालं असतं." बाबा म्हणाले, "तू मोडणार नव्हतीस." सासूबाईंनी हे कौतुक समजायचं की काय, ते अजून ठरवलेलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी बाबांबरोबर गेले. मुद्दाम गेले, कारण त्यांच्या मनात काय आहे याची मला धास्ती होती. आयोजकाने पाठवलेला कागदी पट्टा मनगटाला बांधायचा होता. बाबा म्हणाले, "मी खुर्चीवाला आहे, मला कुणी अडवत नाही." खरोखरच कुणी अडवलं नाही.

लोक यायला लागले आणि मला हसू आवरेना. ही म्हणे वणव्याची फौज! काळी चामड्याची जाकिटं होती, पण चेन एकाचीही पोटावर लागत नव्हती. एका गृहस्थांच्या दंडावर आग ओकणारा पक्षी गोंदलेला होता, त्याची मान आता कातडीच्या सुरकुत्यांत लोंबत होती. बायकांनी ठेवणीतले काळे कपडे काढले होते आणि पर्समध्ये डोळ्यांचे थेंब होते. कानात कापूस घालून आलेलेही पुष्कळ. "मोठा आवाज सोसत नाही हो," एक काका मला सांगत होते, "पण वणवा आहे ना, चुकवणार कसा?" दुसरे एक टक्कलवाले बाबांकडे येऊन म्हणाले, "हात असलेली खुर्ची मिळेल का? उठताना धरायला?" बाबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही मागच्या वेळी आला होतात?"

"म्हणजे काय! खुर्चीवर चढून नाचलो होतो!" ते फुशारकीने म्हणाले. "आणि ती काडकन मोडली!"

बाबांनी त्यांना हात असलेली खुर्ची दिली. पण देताना असे बघत होते, की मला वाटलं ते तिची पिन काढतायत की काय.

मग वणवा आला. काळा चष्मा, केस अजूनही खांद्यापर्यंत, फक्त वरचे गेलेले. पायऱ्या चढायला नकोत म्हणून त्याच्यासाठी एक उतार बांधला होता. त्यावरून तो जपून जपून वर आला, एका माणसाने त्याचा दंड धरला होता. दोन्ही गुडघे बदललेत म्हणे. मला वाईटच वाटलं. मनात म्हटलं, कशाला यायचं या वयात, घरी बसावं.

आणि त्याने तोंड उघडलं. अहो, आवाज तोच! जरा खरखरीत झालेला, पण माझ्या छातीत काहीतरी हललं, आणि मी काही त्याची भक्तबिक्त नव्हे. बाबा नेहमीप्रमाणे स्टेजकडे पाठ करून उभे होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "बाबा, वळा ना. समोर आहे तो."

"माझं काम इकडे आहे."

"कुरकुर येतेय का?"

ते जरा वेळ ऐकत राहिले. मग नाइलाजाने म्हणाले, "नाही. एकाही खुर्चीची नाही." आणि त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेत ताल धरून हलत होता, तो त्यांना दिसत नव्हता, मला दिसत होता.

तिसऱ्या-चौथ्या गाण्याला लोक उठले. पुढच्या रांगेतल्या एक आजी तर चक्क खुर्चीवर चढल्या. बाबा धावले. "ताई, पाय खाली! खुर्ची बसायला असते!"

"मी तेव्हाही चढले होते!" आजी वरून ओरडल्या.

"तेव्हा तुमचे गुडघे वेगळे होते!"

"तुम्हाला काय करायचंय माझ्या गुडघ्यांशी!"

बाबांनी कपाळाला हात लावला. पण आजी पडल्या तर, या भीतीने त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ते गाणं संपेपर्यंत तशीच धरून उभे राहिले. वर आजी नाचतायत आणि खाली बाबा शिडी धरल्यासारखे वाकलेत. खाली उतरल्यावर आजींनी त्यांच्या गालावर थापटलं. "गुणी आहात," म्हणाल्या. बाबा लाजले. मी सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

शेवटचं गाणं सुरू झालं, तेच ते. मैदानातून आधी एक आवाज आला, मग दहा, मग सगळेच, "खुर्ची! खुर्ची! खुर्ची!" वणव्याने मान हलवून नको नको केलं. लोक ऐकेनात. कोपऱ्यात आमची खुर्ची चकाकत होती.

तेव्हा बाबा वळले. माझ्या डोळ्यांदेखत, जन्मात पहिल्यांदा, ते स्टेजकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी माझं मनगट धरलं. "उचल," ते पुटपुटले. "उचल ना."

शेवटच्या ओळीला वणव्याने गिटार काढून दुसऱ्याच्या हातात दिली, खुर्चीपाशी गेला, दोन्ही हातांनी ती उचलली आणि आपटली.

खुर्ची उसळली आणि जमिनीवर चारही पायांवर उभी राहिली.

लोक हसले. त्यांना वाटलं, मुद्दाम केलं. वणवाही हसला, पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. या वेळी ती एका पायावर गिरकी घेऊन परत सरळ झाली. वादकांनी शेवटचा तुकडा पुन्हा पहिल्यापासून धरला, आणि ढोलवाला गिटारवाल्याकडे बघायला लागला. तिसऱ्यांदा वणव्याला खुर्ची खांद्याच्या वर नेताच आली नाही. त्याने ती खाली सोडली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभा राहिला. त्याचा श्वास माईकमधून सगळ्या मैदानाला ऐकू येत होता. हसण्याचा सूर बदलला. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, राहू द्या! लागेल!"

त्यावर मैदान खदखदलं. वणव्याची मान खाली गेली.

मी बाबांकडे पाहिलं. हाच तो क्षण ना, ज्यासाठी छतावरून खुर्च्या टाकल्या, मामांना जेवू घातलं? मला वाटलं, आता हे हसतील. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा मी कधी पाहिला नव्हता. "अशीच," ते म्हणाले. "माझ्या बापाची मान अशीच गेली होती." आणि माझं मनगट सोडून ते चालायला लागले.

मी ओरडले, "बाबा!" ते उतारापाशी पोचलेसुद्धा. पहारेकरी आडवा आला. "मी खुर्चीवाला आहे," बाबा म्हणाले. पहारेकऱ्याने खुर्चीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि वाट दिली.

लोकांना वाटलं, खुर्ची न्यायलाच माणूस आला. आणखी हशा. बाबा कुणाकडेही बघत नव्हते. त्यांनी खुर्ची उचलली, उलटी केली, तिच्या पोटाकडे डोळे बारीक करून पाहिलं, जणू तिला काही लागलंय का ते बघतायत. त्यांचा अंगठा बैठकीच्या खाली गेला. मग त्यांनी हात खिशात घातला. मला सगळं कळलं, आणि त्या हजारो माणसांत ते एकटीलाच कळलंय म्हणून मला रडूच फुटलं. त्यांनी सगळे सांधे हाताने दाबून धरत ती खुर्ची वणव्याच्या हातात दिली, त्याच्या कानाशी काहीतरी बोलले आणि दोन पावलं मागे सरले.

वणव्याने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग खुर्ची जेमतेम कमरेपर्यंत उचलली आणि सोडून दिली.

पाठ एकीकडे उडाली, बैठक दुसरीकडे, पाय गडगडत ढोलांपर्यंत गेले. मैदान जे उठलं! जाकिटं उडाली, कापूस उडाला. हात असलेल्या खुर्चीवाले काका हातांशिवायच उठले. काही जणांना जुना उत्साह आला आणि त्यांनीही आपापल्या खुर्च्या उचलून आपटल्या. त्यातली एकही मोडली नाही. दुसऱ्या दिवशी गावातले हाडांचे डॉक्टर मात्र दिवसभर उभे होते, असं ऐकलं.

लोक गेल्यावर आम्ही खुर्च्या गोळा करत होतो. बाबांनी स्टेजवरचे तुकडे पोत्यात भरले. मी एकदा विचारलं, "काय म्हणालात त्याला?" ते म्हणाले, "थप्पी सरळ लाव." तेवढ्यात आयोजक पळत आला, सरांनी खुर्चीवाल्यांना बोलावलंय. बाबांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, "तू पण चल."

स्टेजच्या मागच्या खोलीत वणवा आमच्याच एका खुर्चीवर बसला होता, खांद्यावर बर्फाची पिशवी, पायांत सपाता. चष्मा काढल्यावर तो कुणाही घरातल्या आजोबांसारखाच दिसत होता. मागे रेलून, खुर्ची दोन पायांवर झुलवत होता.

"पिन कुठाय?" त्याने विचारलं.

बाबांनी खिशातून काढून तळहातावर धरली. "त्या गोंगाटात ऐकू आलं तुम्हाला?"

"कानातच तर सांगितलंत ना. हलकेच सोडा, पिन काढलीय." तो हसला, मग गंभीर झाला. "का काढलीत? न मोडणारी खुर्ची मुद्दाम ठेवली होतीत तुम्ही. पहिल्याच दणक्याला कळलं मला."

बाबांनी पिन परत खिशात टाकली. मग एकदम म्हणाले, "त्या वेळच्या खुर्च्या माझ्या वडिलांच्या होत्या. तुम्ही एका फटक्यात मोडलीत."

"एका फटक्यात?" वणवा ताडकन पुढे झाला, बर्फाची पिशवी खाली पडली. "कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांना काय ठाऊक? इकडे या." त्याने डावी बाही वर केली. मनगट एका बाजूला वाकलेलं होतं, हाड वर आलेलं. "किती फटके मारले मला आठवत नाही, पण शेवटच्याला खुर्ची गेली आणि बरोबर हे गेलं. एवढे महिने कुठे होतो मी, माहीत आहे?"

"विरहात," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"प्लास्टरमध्ये होतो, बाई. आमच्या व्यवस्थापकाने तंबी दिली, बाहेर कळलं तर वणव्याची राख होईल. म्हणून विरह." त्याने मनगट चोळलं. "अजून थंडीत दुखतं. गिटारवरचे दोन कॉर्ड मला तेव्हापासून नीट धरता येत नाहीत. कुणी बनवली होती हो ती खुर्ची? मी एवढ्या देशांत एवढ्या वस्तू मोडल्या, पण तसं लाकूड पुन्हा हाताला लागलं नाही."

बाबा पुढे सरकले. "काय म्हणालात?"

"लाकूड," वणवा म्हणाला. "लाकूड चांगलं होतं."

"पुन्हा म्हणा."

वणव्याने त्यांच्याकडे पाहिलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "लाकूड फार चांगलं होतं."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वणवा काही सुचेनासं होऊन, ओशाळून पुन्हा मागे रेलला आणि खुर्ची झुलवायला लागला. बाबांनी बाहीने नाक पुसलं, घसा खाकरला, आणि त्यांच्या तोंडून बाहेर पडलं ते एवढंच, "चारही पाय जमिनीवर ठेवा."

वणव्याने ठेवले.

परतताना मी टेम्पोत पुढे, चालकाशेजारी बसले होते. बाबा मागे खुर्च्यांमध्ये बसले, पोतं मांडीवर घेऊन. घर जवळ आलं तसा मागून आवाज यायला लागला. तेच शेवटचं गाणं, आधी गुणगुणत, मग मोठ्याने, मग पार गळा काढून, सगळी कडवी, एकही शब्द न चुकता. सासूबाई आवाज ऐकून फाटकापर्यंत धावत आल्या. माझा नवरा टायसकट बाहेर आला.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "मोडली की काय एखादी?"

बाबांनी पोत्यातले तुकडे अंगणात मांडले, जुळवले, खिशातली पिन काढून ठोकली आणि खुर्ची उभी केली. "कुठे मोडली?" म्हणाले. मग घरात न जाता तिथेच त्या खुर्चीवर बसले, मागे टेकून, आणि परत गाणं धरलं.

मी जवळ जाऊन म्हटलं, "काय बाबा, स्क्रूची चाल का?"

"गप गं," ते म्हणाले. "गाणं आहे. ऐक."